पेन्सिल ताईची, शाई माझी

४ नोव्हेंबर

बोरूबाई,

अक्षर ओळखलंस का? तुझ्या ताईच्या पत्राखाली ‘माझाही नमस्कार’ आणि फार तर एखादी ओळ लिहिणारा तुझा भावोजी आज आख्खं पत्र लिहायला बसलाय. हसू नकोस. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. हवापाण्याचं झालं की मी फोन दुसऱ्याच्या हातात देतो, आणि आता घरात दुसरं माणूस म्हणजे फिरकीच. नेमकं तिलाच हे कळायला नकोय.

काम आहे, आणि ते तुझ्याच हातचं आहे. मी शेडमध्ये फिरकीसाठी स्कीची जोडी बनवतोय. विकतची नव्हे, घरची. आत लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्या खाली-वर काचतंतूचं कापड, तळाला घसरायचं काळं प्लास्टिक, कडेला पोलादी धार, आणि सगळ्यात वर प्लास्टिकचा एक पातळ, पारदर्शक पत्रा. त्याला टॉपशीट म्हणतात. हे सगळे थर राळेत भिजवून साच्यात दाबायचे की झाली स्की. एकदा दाबली की ब्रह्मदेव आला तरी थर सुटत नाहीत. चित्र असतं ते टॉपशीटच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला. वर कितीही ओरखडे उठले तरी चित्राला धक्का लागत नाही. लाकूड मी करीन, राळ मी लावीन, पण छपाई माझ्या बापाला जमायची नाही.

चित्र तुझ्या ताईचं आहे. फिरकीला स्की शिकवायची नोकरी लागली तर तिच्या स्कीवर चित्र मी काढून देईन, असं ती म्हणाली होती. फिरकी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. नोकरी आता लागली. दोन डोंगररांगा ओलांडून एक स्कीची शाळा आहे, तिथे बारा जानेवारीला हजर व्हायचंय. आणि चित्र मात्र तुझ्या ताईने गेल्या जानेवारीतच काढून ठेवलं, नोकरीची वाट न बघता. आमच्या घरामागचा उतार आहे, कुंपणाची तार, झाडं, आणि वरून खाली आलेल्या स्कीच्या खुणा. दोन लांब पट्ट्यांवर काढलंय, अगदी स्कीच्या मापात.

पोरीला आईच्या हातचं शेवटचं काही द्यायचं असेल तर माझ्याजवळ एवढंच आहे. छापशील का?

भावोजी


११ नोव्हेंबर

भावोजी,

अक्षर ओळखलं. दोन पानांत एक खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवलंत. कपाटाचं दारसुद्धा तुम्ही आधी पुठ्ठ्याचं करून बघता, असं ताई सांगायची.

आणि छापशील का म्हणून विचारता काय? नाही म्हटलं असतं तर ताईने जिथे असेल तिथून चप्पल फेकून मारली असती.

दिवसभर मी कपांवर लोकांच्या बाळांचे फोटो आणि खेळाडूंच्या शर्टांवर आकडे छापते. पद्धत तीच. खास कागदावर खास शाईने छापायचं, तो कागद वस्तूवर ठेवून तापवून दाबायचा, की शाईची वाफ होऊन ती वस्तूच्या अंगात शिरते. खरवडून निघत नाही. प्लास्टिकच्या पत्र्यावर मात्र मी कधी हात टाकलेला नाही. त्यामुळे जास्तीचे तुकडे पाठवा. आधी ते वाया घालवीन, मग शिकेन.

अडचण अशी की माझं दाबयंत्र सव्वा मीटरचं आणि तुमची स्की त्याहून बरीच लांब. दोनदा दाबावं लागेल, आणि मध्ये सांध्याला काळपट पट्टा येईल. बूट अडकवायची पकड कुठे बसते ते मोजून कळवा, सांधा मी तिच्याखाली लपवते. शिवाय कपांसाठी आम्ही चित्र उलटं छापतो, म्हणजे ते कपावर सुलटं उतरतं. तुमचं चित्र उतरणार पत्र्याच्या पोटाला आणि दिसणार पाठीकडून. मी तासभर कागद हातात फिरवत बसले होते. शेजारच्या चाव्या बनवणाऱ्याला वाटलं मला वेड लागलं. शेवटी प्रकाश पडला, उलट्याचं उलट म्हणजे सुलटंच छापायचं.

एक सांगू? फेब्रुवारीपासून मी ताईचं काहीच हातात घेतलेलं नाही. बर्फाने बंद झालेला रस्ता उघडल्यावर मी पोचले तेव्हा तुम्ही तिचं अंथरूणसुद्धा आवरून ठेवलं होतंत. चार दिवसांचा ताप धडधाकट माणसाला असा घेऊन जातो हे मला अजून पटत नाही. त्यामुळे चित्र लवकर पाठवा. दुकानात पाट्या रंगवायच्या दिवसांपासून आमचं ठरलेलं होतं, पेन्सिल तिची आणि शाई माझी. इतक्या वर्षांनी पुन्हा तिचं काम माझ्याकडे येतंय, मला तर आत्ताच उशीर झाल्यासारखं वाटतंय.

बोरू


१९ नोव्हेंबर

बोरूबाई,

नळीत चित्राच्या दोन पट्ट्या आहेत आणि टॉपशीटचे दोन पत्रे. सोबत आठ तुकडे, वाया घालवायला. पकडीची जागा पत्र्यावर चिकटपट्टीने दाखवली आहे. पत्र्याची खरखरीत बाजू ती पोटाची. तिला तेलकट बोट लावू नकोस, राळ धरत नाही.

पेन्सिल फिकट आहे. तुला जसं बरं दिसेल तसं कर, तुझ्या हाताला मी काय शिकवणार.

फिरकी रोज शेडमध्ये डोकावते आणि मी रोज स्कीवर गोणपाट टाकतो. तिला कळलंय की काहीतरी चाललंय. कसलं, ते विचारत नाही. हल्ली ती फारसं काही विचारत नाही.

भावोजी


८ डिसेंबर

भावोजी,

झालं एकदाचं. पत्रे नळीत घालून पाठवतेय, आणि मूळ पट्ट्याही त्यातच आहेत. आधी पत्र वाचा, मग उघडा. नाहीतर माझी फुशारकी ऐकायला कुणीच उरायचं नाही.

तुमचे पहिले तीन तुकडे तापवल्यावर चक्क पापडासारखे वळले. चौथ्याला वेळ कमी केला तर रंग फिका. पाचव्याला वर लोकरीचा जाड नमदा ठेवला, दाब वाढवला आणि तापलेला पत्रा लगेच न उचलता तसाच दोन लाद्यांमध्ये निवू दिला. तो सरळ निघाला. पत्रा उष्णतेने किंचित आखडतो, म्हणून चित्र केसभर लांब ताणून घेतलं. एवढं गणित मी शाळेतसुद्धा केलं नव्हतं.

आता चित्राचं सांगते. पट्ट्या स्कॅनरवर टाकल्या तर जवळजवळ कोराच कागद उमटला. ताईची पेन्सिल इतकी फिकट मी कधी पाहिली नव्हती. ती फाइल पुसून टाकली आणि आमच्या जुन्या पद्धतीने जायचं ठरवलं. टेबल रिकामं केलं, टाक काढला, काळी शाई काढली, पट्टी चारी बाजूंनी चिकटवली. आणि बसले शाई चढवायला. चार दिवस लागले. रेघ जागोजागी जरा हललेली होती. मांडीवर कागद ठेवून काढायची ताईची खोड जायची नाही. दुकानातही मी तिला ओरडायचे, बाई टेबलावर बस म्हणून. मग ती म्हणायची, हललेलं सावरायला तू आहेस की. तसंच सावरत गेले. कुंपणाची तार ताणून घेतली, झाडांचे बुंधे सरळ केले, खुणांची वळणं तिने एका दमात काढली असती तशी काढली. शाई वाळली तेव्हा सवयीने खोडरबर घेतलं, खालची पेन्सिल सगळी पुसली आणि फुंकर मारून कचरा उडवला. वर बघितलं तर समोर ताईचं चित्र. अगदी तिचंच, पंचविशीतलं.

मी रडले, भावोजी. पण बरं वाटून रडले. आमच्या दोघींचं हे शेवटचं काम. फिरकीला सांगा, पेन्सिल आईची आणि शाई मावशीची.

बोरू


१६ डिसेंबर

बोरूबाई,

नळी पोचली. काम चोख झालंय. साचा अजून तयार नाही.

भावोजी


२१ डिसेंबर

भावोजी,

दोन ओळींत आटोपलंत? जो माणूस पकडीची जागा कळवायला चिकटपट्टीवर बाण काढून मिलिमीटर लिहितो, त्याला माझ्या इतक्या दिवसांच्या कामावर बोलायला दोन ओळी?

काहीतरी बिघडलंय. चित्र उलटं आलंय का? मी चार वेळा तपासलं होतं, पण माणूस स्वतःची चूक पाचव्यांदाही बघत नाही. की सांधा पकडीच्या बाहेर येतोय? की पोटाच्या बाजूला माझं बोट लागलं आणि राळ धरत नाहीये? काय असेल ते स्पष्ट लिहा. शाईच्या चित्राची फाइल माझ्याकडे आहे, पत्रे मागवता येतील, आठ दिवसांत पुन्हा छापून देते. बारा तारखेला अजून वेळ आहे. माझ्या चुकीपायी पोरीच्या हातात काही पडलं नाही असं व्हायला नको.

फोन केला होता. फिरकीने उचलला. बाबा शेडमध्ये आहेत म्हणाली, आणि ठेवला. माझ्याशी अर्धा तास गप्पा मारणारी पोर ती. तिला तुम्ही काही बोललात का?

बोरू


२८ डिसेंबर

बोरू,

चित्र उलटं नाही. सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं. राळ उत्तम धरेल. तुझ्या कामात खोट नाही. खोट माझ्यात आहे, आणि ती कागदावर उतरवायला मला इतके दिवस लागले.

तुझी ताई चार दिवसांच्या तापाने गेली नाही. मागच्या वर्षी सप्टेंबरात तिच्या उजव्या हाताची करंगळी थरथरायला लागली. मग बोटं, मग आख्खा हात, मग पाय. डॉक्टर म्हणाले नसांचं दुखणं आहे, सांभाळायचं, दुसरं काही करता येत नाही. डिसेंबरपासून ती अंथरुणालाच होती. ताप शेवटच्या चार दिवसांत आला. मी तुला तेवढंच सांगितलं.

कळवायचं नाही हे तिनेच सांगितलं होतं. म्हणाली, “बोरूला बोलावू नका. ती आली की आधी माझा हात बघेल.” मी म्हटलं बघू दे की, बहीणच आहे. तर म्हणाली, ज्या हाताच्या रेघेवर बोरूने इतकी वर्षं शाई चढवली त्या हाताची अशी रेघ तिला दिसायला नको. हा हट्ट मला तेव्हा कळला नाही, पण मोडायचं धैर्यही झालं नाही.

चित्र तिने त्याच जानेवारीत काढलं. पाठीला उशा, मांडीवर माझी एक फळी, आणि फळी धरायला फिरकी. रोज अर्धा तास. त्याहून जास्त जमायचं नाही. तीन आठवडे लागले. त्या पट्ट्यांवर एकही रेघ सरळ नव्हती. कुंपणाची तार तर अशी थरथरत गेली होती की वाऱ्यात हलतेय असं वाटावं. फिकट होती ती, पेन्सिल दाबायला बोटांत जोर नव्हता म्हणून. मांडीवर कागद ठेवायची ती खोड नव्हती, बोरू. तिला टेबलापर्यंत जाताच येत नव्हतं.

तुला पट्ट्या पाठवताना मी कच्च्या कागदावर लिहिलं होतं, जसं आहे तसंच छाप, एकही रेघ हलवू नकोस. पक्कं उतरवताना ते वाक्य गाळलं. का, असं तू विचारलं असतंस, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. त्या जागी ‘तुला जसं बरं दिसेल तसं कर’ असं घातलं. चित्राचा फोटोही काढून ठेवला नाही. कागद हातात असताना फोटो काढायचं सुचतं कुणाला?

तुझं पत्र वाचलं आणि लगेच नळी उघडली. पट्ट्या पाहिल्या. शाई सुंदर आहे. खाली पेन्सिलीचा मागमूस नाही. मी त्या खिडकीशी धरल्या, तिरप्या धरल्या, भिंग लावून बघितल्या. तिने दाबलंच नव्हतं, तर कागदावर खूण कुठून राहणार.

फिरकीला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. सुताराच्या शेडमध्ये काही लपवता येत असतं तर काय. तिने नळी उघडली आणि दोन्ही पट्ट्या कामाच्या बाकावर उलगडल्या. तुला वाटेल ती तुझ्यावर चिडली. नाही. मला म्हणाली, “बाबा, तुम्ही मावशीला सांगितलंच नव्हतंत ना?” आणि पट्ट्या होत्या तशा गुंडाळून निघून गेली. तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात जेवतो आणि मिठाची बरणी सरकवण्यापुरतं बोलतो.

एक अजून राहिलंय. ते न लिहिता पाकीट चिकटवणार होतो.

शेवटच्या आठवड्यात तुझी ताई म्हणाली, आता बोरूला बोलवा. आता हात दिसला तरी चालेल. बर्फाने रस्ता बंद होता. रस्ता उघडला की बोलावतो असं मी म्हटलं. ती रोज विचारायची आणि मी रोज उद्या म्हणायचो. रस्ता बंद होता, पण फोन चालू होता. तुम्ही दोघी निदान बोलला असतात. पण इतके महिने काय लपवलं ते आधी मला तुला सांगावं लागलं असतं, आणि ते कसं सांगायचं ते मला कच्च्या कागदावरही जमलं नव्हतं. म्हणून मी फोन उचललाच नाही.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

भावोजी


४ जानेवारी

भावोजी,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. समोर एक बाई कपाची वाट बघत बसली होती. तिला म्हटलं यंत्र बंद पडलंय, उद्या या. शटर ओढून घेतलं.

आधी तुमचा राग राग केला. ताईची सगळी पत्रं काढली, त्यांच्याखालच्या तुमच्या ओळींत ‘ती ठीक आहे, जरा थकते’ हे वाक्य मोजलं. नऊ वेळा लिहिलंय तुम्ही. तुमच्यासमोर असते तर ती पत्रं तोंडावर फेकली असती. ताईने मला हाक मारली आणि ती हाक तुमच्या दारातच अडली, हे मी विसरणार नाही. हे स्पष्टच लिहिते, म्हणजे पुढे आपल्यात काही दडून राहायला नको.

मग वेड्यासारखी कामाला लागले. पुसलेली फाइल शोधायला एका माणसाला संगणक उघडून दाखवला. काही हाती लागलं नाही. मग वाटलं, आपणच पुन्हा काढावं, हललेलं. माझ्याकडच्या छापील प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून हात सैल सोडून बघितला. डाव्या हाताने काढून बघितलं. जड पिशवी उचलून हात थकवला आणि मग काढून बघितलं. खोटी थरथर लगेच ओळखू येते, भावोजी. ती सगळीकडे सारखीच हलते. अकरा कागद फाडले. बाराव्याला स्वतःची शरम वाटली आणि टाक ठेवून दिला.

आता माझं ऐका. तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत, आणि ते तसंच राहू दिलं तर मला सोपं जाईल. पण ते खरं नाही.

मला रेघ हललेली दिसली होती. पहिल्याच झाडाशी माझा हात थांबला. मांडीवर कागद ठेवून काढलेली ताईची रेघ कशी दिसते ते मला झोपेतही ओळखता येईल. ती सपकन जाते आणि शेवटी जरा घसरते. ही तशी नव्हती. ही प्रत्येक बोटभर अंतरावर अडखळत होती. टाक बाटलीत तसाच ठेवून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. आणि स्वतःला मांडीची गोष्ट सांगितली.

त्याआधीचंही सांगते. ताईची शेवटची पत्रं फिरकीच्या अक्षरात होती. बोटाला कापलंय, पट्टी आहे, म्हणून मी सांगते आणि फिरकी लिहिते, असं त्यांत होतं. चार महिने कुणाच्या बोटाची पट्टी निघत नाही? फोनवर ताई दोन मिनिटांत दमायची आणि मी म्हणायचे, तिकडची थंडी बाधत असेल. मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर निघून यावं लागलं असतं, आणि काय बघावं लागेल याची मला भीती वाटत होती. दुकानात शर्टांचं मोठं काम होतं, ते पुढे करायला बरं पडलं. रस्ता बंद होता पण फोन चालू होता, असं तुम्ही लिहिलंत. माझाही चालू होता.

मी शाई चढवली ती सवयीने, असं मी तुम्हाला कळवलं. ते अर्धंच. ती रेघ मला तशी बघवत नव्हती. खोडरबर फिरवताना मला हायसं वाटलं होतं. ताईने तीन आठवडे झगडून जे कागदावर ठेवलं ते मी चार दिवसांत पुसलं आणि वर तुम्हाला लिहिलं की बरं वाटून रडले.

हे पत्र फिरकीला द्या. वाचून दाखवू नका, हातात द्या. तिने तुमच्यावर एकट्यावर रुसू नये एवढंच मला आता करता येण्यासारखं आहे. टॉपशीट लावायचं की नाही ते तिच्यावर सोडा. फेकून दिलं तरी मला वाईट वाटायचं कारण नाही.

बोरू


११ जानेवारी

मावशी,

उद्या पहाटे माझी बस आहे. पिशव्या भरून झाल्या आहेत, बाबा दाराशी त्या उगाच उचलून ठेवतायत आणि पुन्हा उचलतायत. आम्ही बोलायला लागलोय. फार नाही, पण कालच्या जेवणात मिठाच्या पुढे गेलो.

तुझं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः शेडमध्ये जाऊन बसले. मी ते दोनदा वाचलं. मग जाऊन म्हटलं, दाबा स्की. ते म्हणाले नक्की का. मी म्हटलं आईने उतार काढलाय, मावशीने शाई चढवली, तुम्ही लाकूड तासलंत, आता नुसतं पडून काय राहायचं. मी राळ ढवळायला बसले. दुसऱ्या दिवशी साचा उघडला. स्की सुंदर झाल्यात. काळ्या रेघेखालून लाकूड दिसतं.

आजच घरामागच्या उतारावर घालून आले. वळायला हलक्या आहेत. पण पायाखाली बघायचा मोह होतो, आणि उतारावर खाली बघितलं की माणूस पडतो. पहिल्या दिवशी पोरांना तेच शिकवायचं असतं. मी दोनदा पडले. वर बघितलं की समोर खरं कुंपण, आणि खाली बघितलं की तुझं सरळ केलेलं. म्हणून त्या इथेच ठेवून जातेय. मला राग नाही, खरंच नाही. पण त्या बघितल्या की जी आई मला दिसते ती मी जन्मायच्या आधीची आहे. ती तुझी. मी नेतेय त्या माझ्या जुन्याच.

तुला एक सांगायचं होतं. बोटाला कापलंय हे आईने सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, लिही की हात जरा बरा नाही. पट्टी मीच घातली. तू काळजी करशील आणि आई मला रागवेल असं वाटलं. नंतर प्रत्येक पत्रात ती पट्टी पुन्हा लिहावी लागली. तू विचारशील म्हणून मी प्रत्येक वेळी वाट बघायचे. विचारलं असतंस तर मी सांगून टाकलं असतं.

हंगाम एप्रिलपर्यंत आहे. त्यानंतर मी घरी असेन. तू ये. दुकान तुझ्यावाचून आठ दिवस मरत नाही.

ती फळी तीन आठवडे माझ्या हातात होती. आई पेन्सिल टेकवायची तेव्हा मला ते लाकडातून कळायचं, कागदाकडे न बघताही. कुठली रेघ कुठे अडखळली, कुठे तिने हात उचलून श्वास घेतला, कुठलं झाड काढताना ती हसली, कुठल्या तारेला तिने दोन दिवस घातले, सगळं मला पाठ आहे. बाबांनासुद्धा हे माहीत नाही. मी तुला सांगेन, दोन्ही पट्ट्या, वरच्या टोकापासून खालपर्यंत. फक्त येताना टाक आणू नकोस. पेन्सिलही नको. नुसती बस आणि ऐक.

फिरकी